विसरलेली कळशी

भरे, तालुका मुळशी
रविवार, २१ सप्टेंबर १९८६

प्रिय अक्कास,

शमूचा सलाम. लीलाचा आणि सुवार्ताचाही. आम्ही तिघं खुशाल आहोत. तूही असशील असं धरून चालतो, कारण तू कळवत नाहीस.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न उघडताच फाडशील की काय, ही धास्ती आहेच. सात वर्षं झाली, अक्का. नाताळाला मी दरवर्षी कार्ड टाकतो. तुझं येत नाही, पण माझंही परत येत नाही, त्यावरून तू त्याच क्वार्टरमध्ये आहेस एवढं मला दर डिसेंबरात कळतं.

आता लिहायला कारण झालं ते असं. सुवार्ता पुण्यात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वॉर्डात तुमच्या दवाखान्यातली एक सिस्टर नव्यानं लागली. तिनं सांगितलं, सगुणाबाई ऑक्टोबरअखेर रिटायर होतायत, क्वार्टर सोडावी लागणार, आणि त्यांनी म्हाताऱ्या बायकांच्या आश्रमात नाव घातलंय. सुवार्ता शनिवारी घरी आली ती चपला काढायच्या आधीच म्हणाली, "पप्पा, आत्या आश्रमात का जाणार? आपण काय मेलोय?" लीला भाकरी थापत होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा थापायला लागली. तुझी भावजय तोंडानं भांडत नाही हे तुला माहीतच आहे.

तर सरळच लिहितो. तू आमच्याकडे ये. पाहुणी म्हणून नाही, राहायला.

घर हैबतरावांचं आहे. दोन खोल्या आम्ही वापरतो आणि मागची एक रिकामी असते. परवा त्यांना विचारलं तर म्हणाले, "बहीन येतीया व्हय? मग विचारताय काय! मागली खोली लई हवेशीर हाय, खिडकीतनं समदं भात दिसतं." खरंच दिसतं. आत्ता आंबेमोहोर फुलोऱ्यात आलाय, सकाळी खिडकी उघडली की वास घरात. लीलानं खोलीला चुना दिलाय. तू येणार की नाही ठाऊक नसताना दिलाय, हे लक्षात घे. पाणी दारातच आहे. हातपंप आहे, आणि तो मीच दुरुस्त ठेवत असल्यामुळे चांगला चालतो.

काम म्हणशील तर तेच, पंचायत समितीच्या हातपंपांची दुरुस्ती. बहात्तरच्या दुष्काळात मिशननं बोअर घेतले तेव्हा मी पाळकाचा झगा खुंटीला लावून पंप बसवायला शिकलो होतो. तू म्हणाली होतीस, "त्या काळ्या हातांनी प्रभुभोजन देऊ नकोस, आधी नखं घास." आता नखं घासायचं काम उरलं नाही. इकडे कासार आंबोली, पिरंगुट आणि पार तिकडे जांब्यापर्यंत सायकलवर हत्यारं बांधून फिरतो. पावसाळ्यात ओढे भरलेले असतात, त्यामुळे पंपाला कोणी विचारत नाही. दिवाळी झाली की एकेक हाक यायला लागते.

गावात मला अजून पाद्रीबाबाच म्हणतात. मी पुष्कळदा सांगून पाहिलं की मी आता पाद्री नाही. हैबतराव म्हणाले, "आवो, मी तरी कुटं आता पाटील हाय? पर लोकं म्हनत्यातच की." रस्त्यापलीकडे बौद्धवस्ती आहे, तिथल्या गोजराबाई लीलाच्या मैत्रीण. तू नर्स आहेस हे कळल्यापासून त्या रोज विचारतात, "नर्सबाई कवा येनार? माझं गुडघं काय आता धीर धरत न्हाईत."

महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही एस.टी.नं पुण्याला उपासनेला जातो. मी शेवटच्या बाकावर बसतो. उपदेश लांबला की घड्याळ बघतो. माझ्या मंडळीतले लोक बघायचे तेव्हा मला केवढा संताप यायचा! आता त्यांची बाजू कळते.

राजीनाम्याचा तुझा राग गेलेला नाही हे मी जाणतो. तेव्हा सांगितलं तेच पुन्हा लिहितो. घसा बसायला लागला होता, अर्धा तास बोललं की आवाज फाटायचा. शिवाय कमिटीत बाजाची पेटी वेदीच्या उजवीकडे ठेवायची की डावीकडे, यावरून दोन तट पडले होते आणि दोन्हीकडचे लोक माझ्याशी बोलेनासे झाले होते. माणूस कंटाळतो.

तू पाळकबंगल्याच्या पायरीवर उभी राहून म्हणालीस, "मरताना आईनं तुला देवाला दिलं होतं. तू राजीनामा कोणाला विचारून दिलास?" आणि चहाही न घेता गेलीस. त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. पण प्रश्न तसाच ठेवूनही माणसं एका घरात राहू शकतात असं मला वाटतं.

विचार कर. खोली रिकामी आहे.

तुझा,
शमू

*

नर्स क्वार्टर्स
२९ सप्टेंबर १९८६

शमुवेल यास,

सगुणाबाईचा सलाम.

पत्र पोचलं. फाडलं नाही.

सुवार्ता नर्सिंगला गेली हे चांगलं झालं. तिला सांग, इंजेक्शन देताना सुईकडे बघू नकोस, पेशंटच्या तोंडाकडे बघ. हात आपोआप शिकतो. लीलाला सांग, चुना दिला तर दिला, पण खोली आठ दिवस उघडी ठेव, नाहीतर वासानं डोकं धरतं.

घशाचं मला सांगू नकोस. राजीनाम्याच्या आठवडाभर आधी मी स्वतः टॉर्च लावून तुझा घसा बघितला होता. बैलाचा घसा होता तो. आणि पेटीचं भांडण तुझ्या आधीच्या पाळकाच्या वेळीही होतं, नंतरच्याच्या वेळीही चालू आहे. पेटीपायी कोणी सेवा सोडत नाही.

आश्रमात मला खोली मिळते आहे. खिडकी आहे. तिथं कोणी माझं नात्याचं नाही, त्यामुळे कोणी फसवणारही नाही. तुझ्या छपराखाली यायचं तर मला खरं कारण कळलं पाहिजे. मी चाळीस वर्षं पेशंट बघितलेत. "सिस्टर, पोटात दुखतंय" म्हणतात आणि हात छातीवर असतो. तुझा हात कुठं आहे ते लिही. ते लिहायचं नसेल तर काहीच लिहू नकोस.

क्वार्टर ३१ तारखेला सोडायची आहे. पुढं आठ दिवसांची सवलत दिली आहे.

सगुणाबाई वाघमारे
स्टाफ नर्स

*

भरे
रविवार, ५ ऑक्टोबर १९८६

अक्का,

सलाम.

तुझं पत्र बुधवारी आलं. चार दिवस ते खिशात घेऊन सायकल मारतोय. आज पहिला रविवार, पण मी पुण्याला गेलो नाही. लीला एकटीच गेली. जाताना म्हणाली, "आज तुमची उपासना इथंच. लिहून मोकळे व्हा." तिला मी काहीच सांगितलेलं नाही, पण तिला कळलेलं असतं.

घशाचं खोटं होतं. पेटीचंही खोटं. आता खरं लिहितो. वाचून तू आश्रमात गेलीस तर मी तुला अडवणार नाही, तो तुझा हक्क आहे. पण माझी इच्छा तू इथं यावंस हीच आहे, तेही आधीच लिहून ठेवतो.

माझ्याकडे एक वही असायची, तुला आठवेल, निळ्या पुठ्ठ्याची. दाखल्यांची वही. धर्मशिक्षणाला होतो तेव्हा आमच्या गुरुजींनी सवय लावली होती: भेटीला जाल तिथं जे ऐकाल ते टिपून ठेवा, रविवारी उपदेशात दाखला म्हणून उपयोगी पडतं. नावगाव बदलायचं. सगळेच पाळक असं करतात. त्यात वाईट काही नाही, असं मला अठरा वर्षं वाटत होतं. मी जरा जास्तच मन लावून करायचो. वहीला मथळे होते. क्षमा. धीर. मुलांची अवज्ञा. देवाची हाक. माझे उपदेश लोकांना आवडायचे ते या वहीमुळं. तू स्वतः म्हणायचीस, शमूचा उपदेश ऐकताना कोणी पेंगत नाही.

सत्याहत्तर साली तुझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. मी आठवडाभर तुझ्याजवळ होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी तू मला ते सांगितलंस. मी ते आता इथं पुन्हा मांडतोय, कारण तू सांगितलंस तसं मला आठवतंय की नाही हे तुला कळायला हवं.

आई जाऊन पंधरा दिवस झाले होते. वडील लढाईवर. तू चौदा वर्षांची, मी दोन. आदल्या दिवसापासून घरात काही नव्हतं आणि मी रडून जीव नकोसा केला होता. तू मला आणि कळशी घेऊन ओढ्यावर गेलीस. कळशी भरलीस. मला बाभळीखाली बसवलंस, कळशी शेजारी ठेवलीस आणि चालायला लागलीस. गावाकडे नाही, सडकेकडे. मिशनच्या बोर्डिंगात मुलींना घेतात असं तू ऐकलं होतंस. तेलाच्या घाण्यापर्यंत पोचलीस. माझं रडणं ऐकू यायचं बंद झालं होतं आणि तुला हलकं वाटत होतं. मग तुझ्या लक्षात आलं की कळशी तिथंच राहिली. आईची तांब्याची कळशी, घरातलं तेवढं एकच धड भांडं. कोणी उचलून नेली तर? म्हणून तू माघारी आलीस. मी रडायचा थांबलो होतो आणि कळशीत दोन्ही हात घालून पाणी चाटत होतो. तू म्हणालीस, आणि हे तुझेच शब्द आहेत अक्का, "कळशी एका कडेवर घेतली. दुसरी कड मोकळी होती. म्हणून तुला घेतलं."

हे सांगून तू भिंतीकडे तोंड करून झोपलीस. पस्तीस वर्षं तू हे कोणाला सांगितलं नव्हतंस. मी तुझ्या पायांवर पांघरूण घातलं. आणि मग मी बाहेर व्हरांड्यात जाऊन वही काढली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात उज्जीवन सभा होती. मांडवात पाचशे माणसं. मला शेवटच्या दिवसाचा उपदेश दिला होता, विषय देवाची हाक. तू येणार हे मला ठाऊक होतं. मी मनाशी म्हटलं, नावगाव बदललंय, कोणाला काय कळणार. तुला कळेल हे मला कळत होतं की नव्हतं, याचं उत्तर मी सात वर्षं शोधतोय. खरं उत्तर असं की कळत होतं, पण दाखला फार चांगला होता.

आणि त्यातही कळशी मला अडायला लागली. देवाच्या हाकेच्या उपदेशात भांड्यासाठी परत आलेली मुलगी कशी बसवणार? मी कळशी काढून टाकली. घाण्यापाशी तिला एक आवाज ऐकू आला असं घातलं, "मुली, माघारी फिर." तो आवाज मी स्वतःच काढला, दोन वेळा, खालच्या पट्टीत. लोक हुंदके देऊन रडले. पाहुण्या पाळकांनी माझे हात धरले. सभा सुटल्यावर तू मांडवाच्या मागं चहा देत होतीस. मला कप दिलास, दोन चमचे साखर घातलीस आणि म्हणालीस, "चांगला झाला. घसा जप."

बाकी काही नाही. एक अक्षर नाही. तू ओरडली असतीस तर मी कदाचित आज पाळकच राहिलो असतो. घसा हे कारण मला कुठून सुचलं ते आता तुला कळलं असेल.

तरीही मी लगेच सोडलं नाही. मी तेवढा भला नाही. पुढं सहा-आठ महिन्यांनी आमच्या मंडळीतल्या कुशाबाची बायको वारली. मी भेटीला गेलो. म्हातारा उंबऱ्यावर बसून रडत होता. मी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "शेवटी काय म्हणाल्या त्या?" प्रेमानं विचारल्यासारखं विचारलं. पण मला शेवट हवा होता, रविवारसाठी. कुशाबा म्हणाला, "काय न्हाई बाबा. पानी मागितलं. पेली आन् गेली." आणि अक्का, मी नाराज झालो. एक बाई मेली आणि तिचे शेवटचे शब्द मला पुरेसे वाटले नाहीत! सायकलवर घरी येताना मी त्यात भर घालायला लागलो होतो. वाटेत मला तू आठवलीस, साखर ढवळताना. मी सायकल बाजूला घेतली आणि बांधावर बसून राहिलो. राजीनामा त्या आठवड्यात लिहिला.

देवावरचा विश्वास उडाला म्हणून मी सोडलं नाही, एवढं तू मनात पक्कं धर. विश्वास आहे. मी रोज प्रार्थना करतो, पण थोडक्यात, आणि कोणी ऐकत नसताना. चांगले पाळक माझ्या डोळ्यांसमोर आहेत, ऐकलेलं पोटात ठेवणारे. माझ्या पोटात राहत नव्हतं. ज्याला ते जमत नाही त्यानं त्या जागेवर बसू नये, इतकंच.

पंपाचं बरं असतं. त्याला कोणी दाखला देऊन सुरू करू शकत नाही. वॉशर झिजला असेल तर वॉशरच बदलावा लागतो. मी रॉड वर ओढत असतो तेव्हा बायका हंडे घेऊन उभ्या असतात आणि बोलत असतात, घरचं, दारचं, नवऱ्याचं. गेल्या उन्हाळ्यात एका गावी, गावाचं नाव लिहीत नाही, एक बाई मला तिच्या मुलाविषयी काही सांगत होती. मी साखळीला ग्रीस लावत ऐकत होतो. ऐकून झालं, पाणी आलं, ती हंडा भरून गेली. परत येताना माझ्या लक्षात आलं की मी सगळं ऐकलं आणि मनात कुठलाच मथळा आला नाही. मला एवढा आनंद झाला की मी सायकलवर मोठ्यानं गाणं म्हटलं. तिनं काय सांगितलं ते मी तुलाही सांगणार नाही.

मी सुखात आहे, अक्का. तुला एवढं दुखवून, तुझ्या उमेदीची सगळी वर्षं ज्या सेवेसाठी खर्ची पडली तीच सोडून मी सुखात आहे, हे लिहायची लाज वाटते. पण खरं लिही म्हणालीस म्हणून तेही लिहिलं.

वहीतलं तुझं पान फाडून सोबत पाठवतोय. मथळ्यासकट. ते तुझं होतं, मी न विचारता घेतलं होतं. मला माफ कर.

खोली आठ दिवस उघडी ठेवलीय. चुन्याचा वास गेलाय.

शमू

*

नर्स क्वार्टर्स
१४ ऑक्टोबर १९८६

शमू,

सलाम.

पान मिळालं. तेव्हा तुझं अक्षर फार छान होतं, आता बिघडलं आहे. वाचलं, त्याची सुरळी केली आणि तिच्यावर स्टोव्ह पेटवला. चहा झाला. आता त्या पानाचं नाव दोघांपैकी कोणी काढायचं नाही.

सभेत मी तिसऱ्या ओळीत होते. "एका गावी एक मुलगी होती" म्हणालास तेव्हाच मला समजलं. सगळ्या बायका रडत होत्या, मी एकटीच कोरडी. शेजारी गंगूबाई बसली होती, ती पदरानं नाक पुसत म्हणाली, "सिस्टर, तुमी नर्सा लई घट्ट काळजाच्या बाई." मी म्हटलं, "व्हय, घट्टच."

तू ते पाचशे माणसांत सांगितलंस याचा राग आला. येणारच. तुला धरून बदडावंसं वाटलं होतं, लहानपणी बदडायची तसं. पण तो राग महिनाभरात निवला असता. निवला नाही तो कळशीचा. माझ्या मनानं घेतलं की शमूला कळशीची लाज वाटली. म्हणजे माझीच लाज वाटली. देवानं हाक मारलेली बहीण याला चालते, भांड्यासाठी माघारी आलेली चालत नाही. आठ वर्षं तेच मनात कुरतडत होतं. म्हणून तुझं हे पत्र आलं तेव्हा मी आधी नुसती नजर फिरवून कळशी शोधली. ती नसती तर पुढचं वाचलंच नसतं. सापडली. मग खुर्चीवर बसून पहिल्यापासून वाचलं, आणि गंगूबाईला दिसलं नाही ते तेव्हा झालं. बराच वेळ झालं.

आता माझा हात कुठं आहे ते सांगते. तू लिहिलंस, तर मलाही लिहिलं पाहिजे.

आईनं तुला देवाबिवाला दिलं नव्हतं.

आई तापात होती. मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "सगे, त्याला उपाशी ठिवू नगंस." एवढंच. मग काही बोलली नाही. देवाला दिल्याचं मी नंतर घातलं. बोर्डिंगात जायला तू रडायचास, तेव्हा पहिल्यांदा. मग मंडळीत कोणी विचारलं, सगुणाबाई, लग्न का नाही केलं, तेव्हा. लोक गप्प व्हायचे, मान द्यायचे. मलाही बरं वाटायचं. चौदाव्या वर्षी घाण्यापर्यंत गेलेल्या पोरीला काहीतरी मोठं हवं होतं सांगायला. सांगून सांगून मला ते खरंच वाटायला लागलं. तू राजीनामा दिलास तेव्हा माझ्या पायाखालचंच निघालं आणि मी तुझ्यावर ओरडले. चहाही घेतला नाही. लीलानं आलं घातलं होतं, वास येत होता.

तेव्हा तू वही ठेवलीस आणि मी न ठेवता तेच केलं. तुझ्या उपदेशातल्या आवाजावर मी किती बोलू? देवानं तुला मागितलं नव्हतं, म्हणून त्याचं तू काही मोडलं नाहीस. आईनं सांगितलं होतं तेवढं मी केलं. तुला उपाशी ठेवलं का मी कधी? नाही ना? मग झालं.

पंप चालवतोस त्यात मला काही कमी वाटत नाही. वॉर्डात पाणी गेलं की काय होतं ते मला विचार.

दिवाळीची गर्दी उतरू दे. शनिवार, ८ नोव्हेंबरला सकाळच्या गाडीनं निघते. पुण्याला सुवार्तानं उतरवून घ्यावं, युनिफॉर्मवर नको, साडी नेसून यावं, मला तिला साडीत बघायचं आहे. तिथून पौडची एस.टी. घेऊन आम्ही येऊ. तू फाट्यावर सायकल घेऊन उभा राहा. सामान फार नाही. एक ट्रंक, स्टोव्ह, तुझी सात नाताळ-कार्डं, आणि ती कळशी. इतकी वर्षं माझ्याकडेच आहे. एका बाजूला पोचा आहे, पण गळत नाही. गेल्या आठवड्यात कल्हई करून घेतली. दारात पंप आहे म्हणतोस, तर पाणी भरायला काही लागेलच.

आश्रमाला नाव काढल्याचं कळवलं आहे. गोजराबाईंना निरोप दे, गुडघे रोज शेकत राहा, बाकी मी आल्यावर बघते. लीलाला सांग, चहात आलं घाल.

तुझी,
कळशीसाठी माघारी आलेली,
अक्का